लोकसंख्येच्या ‘घनते’त घन कुठून आला?

प्रश्न असा आहे: घनमीटर, घनफळ, घनमूळ यांतला ‘घन’ तिसऱ्या घाताचा. लोकसंख्या तर चौरस किलोमीटरवर मोजतात. मग तिला घनता म्हणणं चूक नाही का? आणि घनता म्हणजेच गर्दी का?

चूक अजिबात नाही. ‘घन’चा एक जुना अर्थ दाट, भरीव. घनदाट, घनघोर यांत तोच आहे. तिसरा घात हा त्याच शब्दाचा गणितातला वेगळा अर्थ. घनता म्हणजे नुसता दाटपणा. पदार्थाचा आकारमानावर मोजतात, माणसांचा क्षेत्रफळावर. वीस मजली इमारत असो की बैठं घर, हिशेबात धरायची ती खालची जमीन.

खरी मेख आहे ती ही जमीन कुठली धरायची यात. ग्रीनलंड घ्या. लोक सुमारे ५६ हजार, क्षेत्रफळ साधारण २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे दर १०० चौरस किलोमीटरला जेमतेम अडीच माणसं. बर्फाखालची जमीन वगळली तर उरतात चारेक लाख चौरस किलोमीटर, आणि तोच आकडा १४च्या घरात जातो. माणूस एकही वाढला नाही, भाजक बदलला. म्हणून काही वेळा सगळी जमीन न धरता फक्त लागवडीयोग्य जमीन धरतात. पोटापाण्याचा ताण किती, हे त्यातून जास्त कळतं.

दुसरा प्रश्न गर्दीचा. घनता ही सरासरी. गर्दी अंगाला जाणवते. इजिप्तची घनता चौरस किलोमीटरला शंभराच्या थोडी वर, ऐकायला ऐसपैस. पण तिथले सुमारे ९५ टक्के लोक नाईलच्या काठाने आणि त्रिभुज प्रदेशात, देशाच्या पाचेक टक्के जमिनीवर राहतात. तेवढ्यापुरती घनता दोन हजारांच्या आसपास भरते. बाकी वाळवंट सरासरी खाली ओढतं.

यावर तोडगा म्हणजे लोकसंख्येने भारित घनता. एकेक चौरस किलोमीटरची दोन गावं समजा, एकात १००० लोक, दुसऱ्यात १००. साधी घनता ५५०, जी दोन्हीकडे कुणालाच भेटत नाही! उलट प्रत्येक माणसाला ‘तुझ्या गावाची घनता किती?’ विचारून सरासरी काढली, तर ती ९१८ येते. मला हेच माप जास्त प्रामाणिक वाटतं.

वापराचं म्हणाल, तर वस्ती दाट किंवा विरळ असते, घनता जास्त किंवा कमी. ‘दाट घनता’ लिहू नये. ‘दर’ आणि ‘मागे’ यांपैकी एक पुरतं, पण ‘दर चौरस किलोमीटरमागे’ इतकं रुळलंय की मी हटकत नाही. हटकतो ते ‘१० किलोमीटर चौरस’ला. १० चौरस किलोमीटर म्हणजे १०च. ‘१० किलोमीटर चौरस’ म्हणजे प्रत्येक बाजू १० किलोमीटर, क्षेत्रफळ १००. एवढ्या उलटापालटीत घनता दहापट चुकते.