सीडीवरून काढलेल्या फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या) फाइल अचूक आहेत का हे कसं ओळखायचं? स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे त्याचं चित्र, बघून कळतं का?

स्पेक्ट्रम बघून नाही कळत. कोणी एमपीथ्रीचीच फ्लॅक करून दिली असेल तर बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं दिसतं, तेवढाच उपयोग. ओरखड्याने बिघडलेली चार सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) त्यात कोण शोधणार? आणि "कानाला नीट वाटतं ना, मग झालं" असं तर कृपा करून म्हणू नका, आमचे भाऊजी दहा वर्षं तेच म्हणतायत, "अरे डिजिटल आहे, कॉपी म्हणजे कॉपी."

कॉपी म्हणजे कॉपी हे पेन ड्राइव्हला. ऑडिओ सीडीत प्रत्येक सेक्टरचे, म्हणजे तुकड्याचे, २३५२ च्या २३५२ बाइट गाण्यालाच जातात, डेटा सीडीसारखी दुरुस्तीची जादा सोय नसते, त्यामुळे वाचता आलं नाही की बरेच ड्राइव्ह शेजारची सॅम्पल बघून अंदाजपंचे भरतात आणि वर साळसूदपणे गप्प बसतात.

बाबांची नाट्यसंगीताची एक सीडी होती, ती मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने काढली, सिक्युअर मोड (शंका आली की पुन्हा वाचणारा), टेस्ट अँड कॉपी (दोनदा वाचून ताडणं), दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे वाचलेल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळले, मी खूश. बाबांच्या वर्षश्राद्धाला ताईकडे लावली तर तिसऱ्या पदात ऐन तानेवर "टिक". भाऊजी म्हणे मूळ रेकॉर्डिंगच तसं असेल. बाबा ती सीडी रोज सकाळी दाढी करताना लावायचे हो, तेव्हा कधी टिक नव्हती!

मग तीच सीडी चुलतभावाच्या जुन्या डेस्कटॉपवर काढली. सगळेच सीआरसी वेगळे. डोक्याला हात लावला, मग कळलं की त्याच्याकडे रीड ऑफसेट (ड्राइव्ह किती सॅम्पल पुढेमागे वाचतो त्याची भरपाई) सेटच केलेला नाही, त्याच्या ड्राइव्हचा +६६७. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये दोन्ही फाइल घेतल्या, एक ६६७ सॅम्पल सरकवली, उलटी करून दुसरीत मिसळली, म्हणजे सारखं ते रद्द होतं आणि फरक तेवढा उरतो. आख्खं पद सपाट रेष आणि ४ मिनिटं १२ सेकंदांवर एक बारीकसा काटा. म्हणजे माझ्या ड्राइव्हने तोच ओरखडा दोन्ही वेळा सारखाच चुकीचा वाचला होता. सीआरसी जुळणारच की!

तर दुसऱ्या ड्राइव्हवर ताडून बघा, किंवा अ‍ॅक्युरेटरिप हा ऑनलाइन डेटाबेस वापरा, त्यात अनोळखी लोकांनी त्यांच्या ड्राइव्हवर काढलेल्या आकड्यांशीच तुलना होते. हां, माझ्याकडच्या मराठी सीड्यांपैकी बऱ्याच तिथे नाहीतच, आणि आकडा जुळला नाही म्हणजे फाइल खराबच असंही नाही, तुमची प्रत वेगळ्या प्रेसिंगची (कारखान्यातल्या वेगळ्या छापाची) असू शकते.

तो काट्याचा स्क्रीनशॉट मी भाऊजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.