यशस्वी स्टँडअप कॉमेडियनचं आयुष्य नेमकं कसं असतं? पुण्यात नोकरी सांभाळून मराठीत हे जमेल का?

हिंजवडीत नोकरी आहे, ऑफिसच्या कार्यक्रमात लोक पोट धरून हसले, आता नोकरी सोडून यात उतरावं का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात कोथरूड-बाणेरच्या कॅफेंमध्ये ओपन माइक, म्हणजे नाव नोंदवून कुणीही स्टेजवर येऊन विनोद करून बघू शकेल असे कार्यक्रम भरवतो, होस्टिंगही करतो. इथे अडखळत सुरुवात करून आज तिकीट लावून शो करणारी मुलंमुली मी जवळून पाहिली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

या धंद्यात यश म्हणजे एक तास. तुम्हाला न ओळखणारी, पैसे मोजून आलेली माणसं तासभर हसवता येणं. ऑफिसातली माणसं तुम्हाला ओळखतात, तुम्ही ज्या मॅनेजरची नक्कल करता त्यालाही ओळखतात, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं. ओपन माइकला समोर अनोळखी चेहरे असतात आणि हातात चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. त्या पाच मिनिटांतली चाललेली दोन वाक्यं ठेवायची, बाकीची टाकायची, पुढच्या आठवड्यात परत उभं राहायचं. असं करत करत तास जमतो, आणि त्याला वर्षं लागतात.

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच, वाक्य घासत बसण्याचा. मराठीत तो जास्तच अवघड आहे, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. हशा ज्या शब्दावर हवा तो मध्येच येऊन जातो, लोक हसायला लागतात आणि आपलं वाक्य अजून चालूच असतं. आमच्याकडचा एक मुलगा सुरुवातीला म्हणायचा, ‘आमच्या सोसायटीत पाण्यापेक्षा जास्त मीटिंगाच येत असतात.’ लोक नुसते स्मित करायचे. बरेच आठवडे फिरवून फिरवून तो यावर आला: ‘आमच्या सोसायटीत पाणी येत नाही. दर रविवारी न चुकता येते ती मीटिंग.’ त्या रात्री खोली हसली. विचार तोच होता, बदलली ती शब्दांची जागा. यशस्वी कॉमेडियनचा बराचसा दिवस असल्या कामात जातो.

मराठी माणसाला हा प्रकार तसा नवा नाही. पु. ल. देशपांडे एकट्याने अख्खं नाट्यगृह हसवायचे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनासाठी गावोगाव जायचे आणि समोरच्या श्रोत्यांचा अंदाज घेत गोष्ट रंगवायचे. अलीकडे, २०१६ मध्ये सुरू झालेल्या भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या यूट्यूब चॅनेलने मराठी स्टँडअपला तिथला तरुण प्रेक्षक मिळवून दिला. त्यामुळे ‘मराठीत कोण ऐकणार’ ही काळजी सोडा. पुण्यात मात्र दोन वेगळे प्रेक्षक आहेत, हे ध्यानात ठेवा. बाणेर, विमाननगरला बाहेरून आलेले नोकरदार जास्त, तिथे हिंदी चालतं. कोथरूड किंवा शनिवार पेठेत मराठी सेट (एका वेळी स्टेजवर सादर केलेले विनोद) खुलतो, पण तिथला प्रेक्षक लहानपणापासून नाटकं बघत आलेला असतो. ढिसाळ काम त्याच्यापुढे चालत नाही, आणि ते चांगलंच आहे.

आता पैसा. ओपन माइकला मिळत नाही, उलट कॉफीचं बिल तुमचंच. लाइनअप शोमध्ये, म्हणजे निवडक कॉमेडियन एकामागून एक येतात अशा शोमध्ये, नाव लागायला लागलं की थोडं मानधन मिळतं. खरी कमाई बहुतेकांची कॉर्पोरेट शोमधून होते, जिथे लोक जेवत असतात आणि साहेबांवर विनोद करायचा नसतो. यूट्यूबमुळे नाव होतं, पण एकदा टाकलेला विनोद स्टेजवर संपला. म्हणून बरेच जण फक्त प्रेक्षकांशी झालेल्या गप्पांच्या क्लिप टाकतात आणि लिहिलेलं साहित्य शोसाठी राखून ठेवतात.

नोकरीबद्दल मी जॉनी लिव्हर यांचं उदाहरण देईन. जन्म १९५७ चा, सातवीत शाळा सुटली, मुंबईच्या रस्त्यावर नटांच्या नकला करत पेनं विकली. मग वडील ज्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये होते तिथेच कामगार म्हणून लागले. कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांच्या नकला केल्या आणि कंपनीचं नाव त्यांना कायमचं चिकटलं. म्हणजे त्यांचीही सुरुवात तुमच्यासारखीच, सहकाऱ्यांसमोर. पण नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. स्टेज शो करत राहिले आणि त्यातून चांगले पैसे मिळायला लागल्यावर, १९८१ मध्ये, राजीनामा दिला. सिनेमातलं मोठं नाव त्यानंतरचं.

दुसरी बाजूही बघा. इंदूरच्या झाकिर खानने २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रलची स्पर्धा जिंकली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत शो केला. आपल्या भाषेतला विनोद तिथपर्यंत पोचला याचा मला मनापासून आनंद झाला. पण पुढच्याच महिन्यात त्याने स्वतः सांगितलं की वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी तब्येत बिघडली आहे आणि आता दौरे कमी करणार. जागरणं, पहाटेची विमानं, वेळी-अवेळी जेवण हे शिखरावर पोचल्यावरही सुटत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

तेव्हा आत्ता राजीनामा देऊ नका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा, संध्याकाळच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून ऑफिसातून लवकर निघा. प्रत्येक सेट मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन ऐका; हशा कुठे आला आणि आपल्याला कुठे आल्यासारखा वाटला, हे त्यातच कळतं. नाव नोंदवताना पहिलीच वेळ आहे असं होस्टला सांगा. आम्ही नवख्या माणसाला मधल्या क्रमांकावर ठेवतो, कारण पहिल्या दोघांच्या वेळी लोक अजून खुर्च्याच शोधत असतात.