आईच्या डोळ्यातलं पाणी काढून ‘इंटरल्यूकिन’ तपासायचं म्हणतात. खरंच गरज आहे का?

आई ६६ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांना धूसर दिसतं, स्टिरॉइड चालू असेतो बरं आणि डोस उतरवला की पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. मी रेटिनाचा डॉक्टर. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांना कसली शंका आली असावी ते कळतं.

उतारवयात डोळ्याच्या आत पहिल्यांदाच आलेली आणि अशी उलटणारी सूज कधीकधी सूज नसतेच. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, सुजेचं सोंग घेऊन डोळ्यात बसतो. इंटरल्यूकिन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं. साध्या सुजेत त्यातलं इंटरल्यूकिन-६ वाढतं. बी-पेशींचा (बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार) लिम्फोमा इंटरल्यूकिन-१० सोडतो. म्हणून दोन्ही मोजून १० ला ६ ने भागायचं. उत्तर १ च्या वर गेलं की शंका बळावते. बळावते, एवढंच! कॅन्सरवर शिक्कामोर्तब पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्यावरच होतं. आकडा कमी आला म्हणून सुटलो, असंही नाही. टी-पेशींचा लिम्फोमा या हिशेबात सापडत नाही.

‘पाणी’ म्हणजे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या पुढच्या कप्प्यात जेमतेम पाव मिली द्रव असतो. भुलीचे थेंब घालून बारीक सुईने त्यातला ०.१ मिली घेतात. तो काही तासांत भरून येतो. पेशींसाठी मात्र बहुधा डोळ्याच्या मागच्या भागातली जेली काढावी लागते, ते ऑपरेशन थिएटरमध्ये.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. नमुन्याआधी स्टिरॉइड थांबवायचं का? स्टिरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. (स्वतःच्या मनाने बंद करू नका.) दुसरं, नमुना लॅबमध्ये लगेच पोचणार का? या पेशी फार नाजूक. माझ्याच एका पेशंटचा नमुना शनिवारी संध्याकाळी गेला आणि सोमवारपर्यंत पडून राहिला. बिचाऱ्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हापासून मी हे काम सोमवारी सकाळीच ठेवतो.

आपल्याकडे डोळ्यातला क्षयही असाच छळतो. नमुना पुरला तर त्यातूनच क्षयाची पीसीआरही होते का, विचारून ठेवा.

आणि अलीकडे आईंचा तोल जातो, बोलताना शब्द सापडत नाहीत, असं काही असेल तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. हा लिम्फोमा मेंदूतही असू शकतो. मग सुईची वाट न बघता आधी एमआरआय करतात.