पाच महिन्यांच्या दुखापतीनंतर पुन्हा लांब पल्ल्याचं धावणं कसं सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की अकिलीस टेंडनच्या (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीच्या) दुखण्यामुळे पाच महिने धावणं पूर्ण बंद होतं. फिजिओने आता "हळूहळू सुरू करा" एवढंच सांगून मोकळं केलंय. आधी आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर व्हायचे, हाफ मॅरेथॉनही झालेली आहे. हळूहळू म्हणजे नक्की किती, आणि पुढच्या हाफला नाव कधी नोंदवू, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. बरीच वर्षं धावतेय, याच टेंडनने मलाही घरी बसवलं होतं, आणि बसल्या बसल्या या विषयावर हाताला लागेल ते वाचून काढलं. त्या भरवशावर सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: दम लवकर परत येतो, पाय उशिरा. दुसऱ्यांदा जायबंदी होणारे बहुतेक जण या दोघांमधल्या अंतरात अडकतात.

धावणं सुटल्यावर शरीरात काय होतं यावर एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा १९८४ सालचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. चांगली तयारी असलेल्या सात जणांचा सराव त्यांनी ८४ दिवस थांबवला. पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची क्षमता, सुमारे ७ टक्के उतरला, आठ आठवड्यांपर्यंत १६ टक्के, आणि तिथे तो थांबला. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलू लागल्यामुळे होती, आणि त्यामागे रक्तातला प्लाझ्मा (पातळ द्रव भाग) कमी होणं हे मोठं कारण असतं. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळं मात्र जवळपास शाबूत राहिलं. सराव सुरू झाला की प्लाझ्मा एक-दोन आठवड्यांत भरून निघायला लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यात धाप लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी अचानक वाटतं की अरे, आपण तर होतो तसेच आहोत!

टेंडनला तसं काही वाटत नसतं. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा, बदलायला महिने लागतात. हाडाचंही तेच, उलट त्याची आणखी एक खोड आहे. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते थोडं कच्चंच असतं. म्हणून मला पहिल्या आठवड्याची फारशी काळजी वाटत नाही, त्यात सगळेच जपून असतात. काळजी तिसऱ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंतची, जेव्हा अंगात जोर आलेला असतो आणि घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) बघून हुरूप चढतो.

सुरू करण्याआधी दोन चाचण्या घरीच करा. पहिली, सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास झपाझप चाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच काय म्हणते ते बघा. दुसरी, एका पायावर टाच उचलणं. भिंतीला फक्त बोटांची टोकं लावा, गुडघा सरळ ठेवा, टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. धडधाकट माणसाला एका पायावर साधारण पंचवीस जमायला हवेत असं धरतात. पण नुसते आकडे मोजू नका, उंची बघा. आरशासमोर किंवा मोबाइल जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढा. दुखऱ्या पायाचेही पंचवीस होतात, पण बारा-तेराव्यानंतर टाच अर्ध्यावरूनच परत फिरते, गुडघा हळूच वाकतो आणि अंग पुढे झुकतं. ते मोजायचे नाहीत. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तर आणखी काही आठवडे पोटरीचा व्यायामच करा, धावणं कुठे पळून जात नाही.

आता धावणं. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ ते दहा वेळा, एक दिवस सोडून एक दिवस. तुमच्यासारख्या जुन्या धावणाऱ्याला हा पोरखेळ वाटणार, कारण एका मिनिटात घामही येत नाही. पण हे चालणं दम खायला नाहीच. एक किलोमीटर सावकाश धावलात तर साधारण हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायावर पाचशेच्या आसपास. दर वेळी जमिनीकडून वजनाच्या दोन-तीन पट धक्का येतो आणि अकिलीसवरचा ताण तर वजनाच्या सहापटीच्या पुढे जातो. मधलं चालणं म्हणजे त्या पाचशेला लावलेली कात्री. "दम लागला नाही म्हणून चालणं गाळलं" असं कुणी सांगितलं की मी ओळखते, महिनाभरात हा माणूस फिजिओकडे परतणार.

एक दिवस सोडून का, तर टेंडनमध्ये धावल्यानंतर पहिला दिवस-दीड दिवस कोलॅजनची (ज्या धाग्यांनी टेंडन बनतो त्यांची) मोडतोड बांधणीपेक्षा जास्त चालते, बांधणी नंतर वरचढ होते. रोज धावलात तर मोडतोडीवर मोडतोड. मधल्या दिवशी सायकल, पोहणं, पाण्यात उभं राहून धावणं, काहीही चालेल. दम राखायची सगळी हौस तिथे फेडा.

धावण्याची मिनिटं दर दोन-तीन खेपांनी थोडी वाढवत, चालण्याची कमी करत सलग अर्ध्या तासापर्यंत या. यात सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. त्यानंतरचा माझा क्रम असा: आधी आठवड्यातला एखादा दिवस वाढवायचा, मग लाँग रन (आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं) लांबवायचा, वेग त्यानंतर, आणि चढ सर्वांत शेवटी. चढावर टाच खाली राहते आणि टेंडन ताणला जातो, वेगात पोटरीला जास्त जोर काढावा लागतो. तुमच्या दुखण्याला नेमकं हेच नको आहे. त्याच कारणाने सध्या अगदी सपाट, कमी ड्रॉपचे (टाच आणि चवड्याच्या उंचीत कमी फरक असलेले) बूट बाजूला ठेवा, टाच थोडी उंच असलेले घाला. पावलांची गती (मिनिटाला पडणारी पावलं) पाच-दहा टक्क्यांनी वाढवण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईलच. हायडरशाइट यांच्या २०११ च्या अभ्यासात त्याने गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार घटलेला दिसला, तेव्हा गुडघेवाल्यांनी तो जरूर करून पाहावा. तुमच्या जागी मी असते तर आत्ता त्यात डोकं घातलं नसतं.

वाढवायचं किती? आठवड्याला दहा टक्के, हे सगळ्यांना पाठ असतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला २००८ मध्ये ५३२ नवख्या धावणाऱ्यांवर याची परीक्षा झाली. एका गटाला दहा टक्क्यांच्या हिशेबाने १३ आठवड्यांचा कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, पाचातला एक जण जायबंदी झाला. २०२५ साली पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास आला, तो मला जास्त कामाचा वाटतो. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका दिवसाचं धावणं महत्त्वाचं ठरलं: गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलेल्यांत दुखापती वाढलेल्या दिसल्या. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण परतणाऱ्या माणसाला ३० दिवसांची ही खिडकी फार सोयीची. तुमची हाफ मॅरेथॉन त्या खिडकीत नाही, त्यामुळे ती हिशेबातच नाही. महिन्याभरात एका वेळी जास्तीत जास्त पाच किलोमीटर झाले असतील तर पुढचा मोठा रन साडेपाचचा. मित्र दहा धावत असतील तर त्यांना हात हलवून निरोप द्यायचा.

दुखण्याचं काय करायचं हा खरा कळीचा भाग, आणि अकिलीसच्या बाबतीत तो लोकांना पटत नाही. दुखलं की थांबा, हा नियम इथे लागू नाही. कारिन सिल्बरनागेल यांच्या २००७ मधल्या अभ्यासात एका गटाला पोटरीच्या व्यायामासोबत धावायची-उडी मारायची मुभा होती, दुसऱ्या गटाने पहिले सहा आठवडे ते बंद ठेवलं. मुभा असलेल्यांना अट अशी, की शून्य ते दहाच्या मापावर दुखणं पाचच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खाली यावं. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारले. मी स्वतः पाचऐवजी तीनवर थांबते, कारण धावायच्या उत्साहात आपला चार हा खरं तर साडेपाच असतो.

पण माझ्या लेखी धावतानाच्या आकड्यापेक्षा सकाळचा आकडा जास्त बोलतो. टेंडन लबाड असतो. धावताना गरम झाला की गप्प बसतो आणि हिशेब दुसऱ्या दिवशी मांडतो. उठल्यावर पलंगापासून बाथरूमपर्यंतची पहिली आठ-दहा पावलं कशी पडली, टाच उचलताना मागे दोरी आखडल्यासारखं किती वेळ वाटलं, ते चूळ भरायच्या आधी लिहून ठेवा, नंतर आठवण सोयीची होते. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात टेंडन अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. दोन्ही पायांवर, रोज, तेवढ्याच जोराने. कालच्याइतकंच किंवा कमी असेल तर ठरलेलं धावा. वाढलं असेल तर आजचं धावणं रद्द, पण व्यायाम हलका करून चालू. दोन-तीन दिवस चाला आणि कार्यक्रमात दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करा. पूर्ण झोपून राहिलात तर टेंडन आणखी नाजूक होतो आणि तुम्ही परत पहिल्या दिवशी.

हे सगळं टेंडनपुरतं. हाडाला ही सवलत नाही. नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारली की तिथेच कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर दहापैकी एक सुद्धा जास्तच. जांघेत खोल दुखणं, पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी दुखणं, नडगीच्या पुढच्या कडेवर दुखणं, या तिन्हीत स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर) असेल तर ते सहज भरत नाही. धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जा. सुरुवातीला एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, एमआरआय लागू शकतो. बायकांसाठी एक वाक्य: पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल तर पुरेसं खाल्लं जात नसण्याची शक्यता आहे. हाडं त्याची किंमत मोजतात, तेव्हा हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि टेंडनच्या जागी मागून कुणी लाथ मारल्यासारखा फटका बसून पाऊल टाकता येईनासं झालं, तर तो तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी दाखवायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडनला इजा होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. कधी कशासाठी अँटिबायोटिक लिहून मिळालं तर अकिलीसचा इतिहास सांगायला विसरू नका.

व्यायामाबद्दल: अल्फ्रेडसन यांची १९९८ ची पद्धत तुम्हाला बहुधा दिलेली असेल, पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच, वाकवून तीन, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा, कंटाळून माणूस सोडून देतो. २०१५ मध्ये बेयर आणि सहकाऱ्यांनी आठवड्यातून तीनदाच, पण भरपूर वजन घेऊन सावकाश केलेल्या व्यायामाशी त्याची तुलना केली, गुण सारखाच आला. मला हे दुसरं पचलं. पाठीवर भरलेली सॅक, एका पायावर, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, सहा-आठ वेळांतच पोटरी थरथरली पाहिजे. धावणं सुरू झालं की लोक हा व्यायाम बंद करतात. खरी गरज तेव्हाच असते, निदान वर्षभर तरी सोडू नका.

ग्रुपमध्ये कुणीतरी अमेरिकन धावपटू जोन बेनॉइटची गोष्ट ऐकवेलच: १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत ऑलिंपिकची निवड मॅरेथॉन जिंकली, आणि त्याच वर्षी महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २:२४:५२ मध्ये. गोष्ट खरी आहे, मलाही आवडते. पण तिच्या पायांत तोवर वर्षांचा ताजा सराव होता, पाच महिन्यांची सुट्टी नव्हती. शिवाय घाई करून कायमचे बाहेर गेलेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही.

नावनोंदणी आत्ता करू नका. पैसे भरले की तारीख डोक्यावर बसते, आणि मग सकाळचा आकडा आपण सोयीने वाचायला लागतो. लाँग रन पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत पोचला आणि त्यानंतर सलग तीन आठवडे सकाळी टाच गप्प राहिली, की बिनधास्त नोंदवा. आज सुरुवात केलीत तर याला सहा महिने लागतील, कदाचित आठ. तोवर राहवलंच नाही तर मधे एखादी दहा किलोमीटरची करा, फक्त त्या आधी महिन्याभरात सावकाश नऊ-दहा झालेले असू द्या, आणि त्या दिवशी घड्याळ घरी ठेवून जा.