इंजिनीअरिंग सोडून स्पेशल एज्युकेशनला जाऊ का?

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा १२ वर्षांचा भाऊ स्वमग्न आहे. सिटीलिंकच्या बसमध्ये कंडक्टरने काही विचारलं की तो कान झाकून घेतो. अशा मुलांना व्हीआरमधून (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग) चारचौघांत वावरायला शिकवायचं काम मला करायचं आहे. इंजिनीअरिंग सोडू का?

उत्तर : अजिबात सोडू नकोस. या कामात व्हीआरमधले प्रसंग बनवणाराही लागतो आणि मुलांना शिकवणाराही. तुझा अर्धा रस्ता तर चालून झालाय.

हा विषय नवा नाही. संशोधक डोरोथी स्ट्रिकलँड यांनी १९९६ मध्ये दोन स्वमग्न मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ती मुलं हेडसेट घालायला तयार झाली, आभासी रस्त्यावरच्या गाड्याही त्यांनी ओळखल्या. खरी अडचण पुढे आहे : हेडसेटमध्ये जमलेलं सीबीएसच्या खऱ्या बसथांब्यावर जमेलच असं नाही.

म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टला भावाचा बसप्रवासच घे. आधी बस रिकामी, इंजिनाचा आवाज बारीक. मग दोन प्रवासी. मग कंडक्टर येतो, ‘कुठे जायचं?’ विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. त्याने किती वेळ थांबायचं, हे शिक्षिकेला बदलता आलं पाहिजे. उत्तर बोलून द्यायचं की थांब्याच्या नावाचं कार्ड दाखवायचं, ते मुलाला ठरवू दे. आणि लगेच त्याच आठवड्यात त्याला खऱ्या बसमध्ये न्यायचं. एक कळकळीची विनंती : नजरेला नजर मिळवली तर मार्क, असलं काही त्यात घालू नकोस. नजर मिळवायच्या ताणात समोरच्याचं बोलणंच डोक्यात शिरत नाही, असं अनेक स्वमग्न माणसं सांगतात.

युनिटी (गेम आणि व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर), त्यात लागणारी सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शीक. एखाद्या विशेष शाळेत परवानगी घेऊन दर आठवड्याला नुसती बसत जा. काय बनवायचं ते तिथेच कळेल. फक्त याच विषयातल्या नोकऱ्या थोड्या आहेत, पण युनिटी येत असेल तर गेम आणि ट्रेनिंग सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम मिळू शकतं. डिझाइनकडे ओढा वाटला तर सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) कर. शिकवावंसंच वाटलं तर पदवीनंतर विशेष शिक्षणातलं बी.एड. आहे, कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, ते प्रवेशाआधी तपास.

हेडसेट घ्यायची घाई नको. भावाला डोक्यावर घट्ट टोपी किती वेळ सहन होते ते आधी बघ. पट्टा आणि वजन काही मुलांना मुळीच चालत नाही. तसं असेल तर हाच प्रसंग टॅबवर बनव.