कागद आत्याचा, मजकूर जवानाचा

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत राहणारी माझी अविवाहित आत्या गेल्या वर्षी वारली. मृत्युपत्राने तिचं सगळं मला आलं. ट्रंकेत तिच्या नियोजित वराची 31 आंतरदेशीय पत्रं निघाली. ते 1971च्या युद्धात कामी आले. मला ती पत्रं पुस्तकात छापायची आहेत. साताऱ्याचा त्यांचा पुतण्या म्हणतो, पत्रं परत द्या, नाहीतर केस करतो. आत्याची पत्रं त्याच्याकडे आहेत, म्हणे.

उत्तर : परत देऊ नका. पण इतक्यात छापूही नका.

पत्र ज्याला पाठवलं, कागद त्याचा. लग्न राहिलं म्हणून ती परत करायची वस्तू होत नाही. मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 99 एपीओचा, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, पत्ता आहे आणि जागा संपली म्हणून घडीच्या कडेला आडवी ओळ आहे : ‘खिडकीला काळा कागद लावलास ना?’ (मुंबईतला ब्लॅकआउट! वाचून मीही जरा थांबलो.) ती ओळ आजही त्यांच्या वारसांची. अर्धशतक उलटलं तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 24 प्रमाणे, लेखकाच्या हयातीत न छापलेल्या मजकुराची 60 वर्षं तो प्रथम छापल्यानंतरच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे मोजणी सुरूच झालेली नाही.

वारस कोण? अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला आणि आई हयात असेल, तर सगळं आईला, वडिलांनाही नाही. तिच्यामागे तिचा नवरा आणि सगळी मुलं-मुली. तेव्हा पुतण्या एकटाच मालक असण्याची शक्यता कमी. त्याच्या आत्या, चुलते, चुलत भावंडं, सगळ्यांची नावं विचारा.

धमकी हसण्यावारी नेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्याच कलम 62 मुळे वारसाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. तारखांना एसटीने साताऱ्याला तुम्ही जाणार.

पण तुमचा हातही रिकामा नाही. त्याच्याकडच्या पत्रांचे कागद त्या घरचे असले, तरी आत्याचे शब्द मृत्युपत्राने तुमचे. तुमच्या संमतीशिवाय तीही छापता येणार नाहीत. मला वाटतं, त्याला पैसे नकोत. काकाचं काहीतरी घरात हवंय. दोन्हीकडची पत्रं एकाच पुस्तकात, असा प्रस्ताव ठेवा. करार लेखी, सगळ्या वारसांच्या सह्यांचा. छापण्याच्या हक्काची मुदत स्पष्ट लिहा, नाहीतर कायदा ती 5 वर्षांचीच धरतो.

साताऱ्याला जाताना झेरॉक्स न्या. मूळ पत्रं ट्रंकेतच राहू द्या.