कोड असलेली मुलगी पहिलीत जाताना: आधी मोठ्यांची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नुकतीच सहा वर्षांची झाली, दोन्ही गुडघ्यांवर आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यात कोड आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. आजी तिला लांब बाह्यांशिवाय आणि लेगिंग्जशिवाय बाहेर सोडत नाहीत. बागेत एका मुलीने "हिचा हात नको" म्हटलं, तेव्हापासून ती झोपाळ्याकडे फिरकत नाही. आता तिचा आत्मविश्वास कसा वाढवायचा?

सुरुवात मुलीपासून नको, घरातल्या मोठ्यांपासून करा. पाहुणे आले की तिचा फ्रॉक कोण खाली ओढतं? "कोड" हा शब्द आला की आवाज कोणाचा खाली जातो? रोज सकाळी उजेडात धरून "वाढलं का गं?" असं कोण बघतं? या वयाच्या मुलाला कोडाचं स्वतःचं असं काही वाईट वाटत नसतं. त्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे त्याला आपल्या हातांवरून कळतं. त्यामुळे तपासणी महिन्यातून एकदाच. त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोनवर फोटो काढा आणि तो तिच्यासमोर मोठा करून बघत बसू नका.

"डाग" हा शब्दही सोडा. डाग धुवायचा असतो, हे सहा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं, आणि मग ती न्हाणीघरात गुडघे खसखसून घासते. कोडाच्या बाबतीत हे नुसतं मनाला लागण्यापुरतं राहत नाही. कातडी सतत घासली गेली किंवा खरचटली, तर तिथे नवीन पांढरा भाग उमटू शकतो. म्हणून वजरी आणि खरखरीत घासणी बंद, कमरेला करकचणारं इलॅस्टिक बंद, सायकल चालवताना नीपॅड. खेळ मात्र बंद करायचा नाही. सरळ "कोड" म्हणा, नाहीतर "पांढरा भाग" म्हणा, पण नेहमीच्या आवाजात.

आता तिच्या तोंडी द्यायचं उत्तर. "तू किती सुंदर आहेस" हे रोज ऐकवून उपयोग होत नाही, कारण वर्गात तिला कोणी ती सुंदर आहे का असं विचारणार नाही. "हे काय झालंय?" असं विचारतील. त्याला माहितीच द्यावी लागते, आणि ती एका दमात संपली पाहिजे: "याला कोड म्हणतात. इथला रंग गेलाय. दुखत नाही, आणि तुला होणार नाही. चल, खेळू." शेवटचे दोन शब्द गाळू नका. विषय तिथे संपतो आणि दोघींना करायला काहीतरी मिळतं.

शाळेआधी तीनचार आठवडे, दोन दिवसांआड, पाच मिनिटं बाहुल्यांशी खेळता खेळता याचा सराव घ्या. एक बाहुली कुतूहलाने विचारते, एक खवचट मावशी आहे, एक नुसतीच टक लावून बघते. नंतर भूमिका बदला. मुलीला खवचट मावशी व्हायला फार आवडतं आणि तिला कशाची भीती वाटते ते तिथेच बाहेर येतं. "मला आत्ता नाही सांगायचं" हेही पूर्ण उत्तर आहे, हे तिला सांगून ठेवा. हे बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. वाक्य लांबतं (रंगपेशी आणि प्रतिकारशक्ती आपल्यासाठी ठेवा), किंवा तिच्याऐवजी आईच उत्तर देऊन टाकते. मनात तीनपर्यंत मोजा. त्यानंतरच बोला.

आणखी एक उद्योग. मोठ्या तपकिरी कागदावर तिला झोपवून बाह्यरेषा काढा आणि रंगवायला बसा. खडूंच्या पेटीत ज्याला "स्किन कलर" म्हणतात तो फिकट गुलाबी खडू घरात कोणाच्याच हाताशी जुळत नाही, हे आपापले हात कागदावर ठेवून बघा. मग तपकिरी, पिवळा आणि किंचित लाल मिसळून प्रत्येकाचा रंग तयार करा. गुडघे पांढरे ठेवायचे की नाही, ते तिचं ती ठरवेल. तिने नाही ठेवले तर टोकू नका.

शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला दहा मिनिटं भेटा आणि एका पानावर लिहून द्या: हे कोड आहे, कुष्ठरोग नव्हे, स्पर्शाने किंवा डब्यातून पसरत नाही. मैदानावर जाण्याआधी सनस्क्रीन लावू द्यावं, कारण पांढऱ्या भागावर ऊन लवकर भाजतं. नाचात किंवा फोटोत तिला मागच्या रांगेत ढकलू नये. तिला विचारल्याशिवाय वर्गात जाहीर सांगू नये. २५ जून हा जागतिक कोड दिन नेमका शाळा उघडल्यावर येतो. हौशी शाळा त्या दिवशी मुलीला पुढे उभी करते, ते आधीच थांबवा.

चिडवणं आणि विचारणं यात फरक करा. पुन्हापुन्हा नावं ठेवणाऱ्याला "दुर्लक्ष कर" हा उपाय नाही. "मला तसं म्हणू नकोस" असं मोठ्याने म्हणायचं आणि बाईंकडे जायचं. हात न धरणारं मूल मात्र बहुतेक वेळा घरात ऐकलेलं बोलत असतं, म्हणून तिथे तुम्हीच त्या मुलीच्या आईशी शांतपणे बोला.

आजींशी वाद घालू नका, काम द्या. रात्रीचं मलम त्यांच्या हातून लागू दे, पण "नाही लावलंस तर पसरेल" हे वाक्य वर्ज्य. रंग परत यायला महिने लागतात आणि कधी येतही नाही. औषधाचं अपयश मुलीच्या खात्यावर जायला नको. मासे-दुधाने कोड होत नाही, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. डॉक्टरांना पहिली दहा मिनिटं मुलीशिवाय भेटा, लग्नाचे वगैरे प्रश्न तिथेच विचारून संपवा. बावचीचं तेल घरच्या घरी लावून उन्हात बसवणं धोक्याचं आहे, फोड येतात आणि भाजलेल्या कातडीवर कोड वाढू शकतं. गॅदरिंगला चिकटवायची टिकलीही नको, काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळाचा रंग जातो. डोळ्याजवळचा भाग मेकअपने झाकायचा का? तिला हवं असेल तर झाकावा. आपल्याला फोटोत बरं दिसावं म्हणून असेल, तर नको.

रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखू लागलं, किंवा आवडता खेळही तिने सोडला, आणि हे दोन आठवडे चाललं, तर बालसमुपदेशकाकडे न्या. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठीच काम करते. तिथे चौकशी करून ठेवा.

आणि तो झोपाळा. गर्दीच्या वेळी एकटीला नेऊ नका. सकाळी लवकर, ओळखीच्या एकाच मैत्रिणीबरोबर, अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकवर, गुडघ्यांना सनस्क्रीन लावून न्या. पहिल्या दिवशी ती नुसती वाळूत खेळली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा जा.